मदत हवी आहे: पणजोबांचा बँडसोबतचा फोटो, ताजमधला कुठला कार्यक्रम?

ओवी
रविवारी आजीची नव्वदी आहे. तिच्या वडिलांचा वादकांसोबतचा जुना फोटो मोठा करून लावायचाय. खाली एक ओळ हवी आणि छपाईवाला शुक्रवारपर्यंत मजकूर मागतोय. ते ताजमध्ये वाजवायचे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. काळ १९३० नंतरचा. कार्यक्रम कुठला आणि बँडमास्तर कोण, एवढंच सांगा. दोन दिवस शोधतेय, काही मिळत नाही. लवकर सांगा प्लीज.

धोबीतलाव
फोटो कुठाय? पणजोबा काय वाजवायचे? गाव कुठलं? याशिवाय कोण काय सांगणार?

ओवी
व्हायोलिन. गाव हळदोणे, बारदेश. फोटो काचेत चिकटलाय, स्कॅन होत नाही.

निळा सूर
हळदोणे! ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो वाझ तिथलेच. ताज असेल तर १९३५ च्या शेवटापासून बघा. तेव्हा लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकी वादक. आपल्या गोवेकरांनी खरा जॅझ त्यांच्याकडून उचलला. मी ओळ अशी लिहीन: 'ताजमहाल हॉटेल, १९३६'.

धोबीतलाव
फोटो न बघता साल छापायला सांगू नका. नृत्याच्या रात्री फक्त ताजलाच नसत, शेजारच्या ग्रीन्स हॉटेलातही असत. शिवाय मूकपट चालू असताना थिएटरात पडद्यापुढे वाजवणारेही गोव्याचेच. मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला, बोलपट सुरू झाले आणि त्यांचं ते काम गेलं. बरेच जण त्यानंतर हॉटेलांकडे वळले.

पेटीमास्तर
गोवा म्हटलं की सगळ्यांना बँडच आठवतो. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच काळात मुंबईत गात होत्या. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जलसे करत होत्या. बाईने बैठक सोडून नाट्यगृहात तिकिटावर गायचं, ही त्या वेळी फार मोठी गोष्ट होती. देवधर मास्तरांचं संगीत विद्यालय ऑपेरा हाउसजवळ १९२५ पासून. यावर कुणी बोलत नाही.

निळा सूर
मास्तर, आदर आहे, पण त्यांचा प्रश्न व्हायोलिनचा आहे.

पेटीमास्तर
व्हायोलिन आपल्याकडेही वाजतं.

चिंचपोकळी
काच फोडू नका! चिकटलेला फोटो ओढला की वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट तिरप्या उजेडात मोबाइलने टिपा.

ओवी
टिपला, पण इथे चढत नाहीये. काय दिसतं ते सांगते: सगळे बसलेत, पुढे नोटेशनचे स्टँड. बरीच व्हायोलिनं, तीन मोठी उभी धरलेली. ड्रम नाही. मागच्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत 'सी. जे. ७-३-३७'. सी. जे. म्हणजे फोटोग्राफर असावा, म्हणून आधी लिहिलं नाही.

धोबीतलाव
ताई, हेच आधी सांगायचं! सी. जे. म्हणजे सर कावसजी जहांगीर हॉल. जुने मुंबईकर सी. जे. हॉलच म्हणतात. वस्तुसंग्रहालयासमोर, रीगलच्या चौकात. १९११ चा. आता तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ७ मार्च १९३७ ला रविवार होता. ड्रम नाही, तीन चेलो आहेत, म्हणजे हा नाचाचा बँड नव्हेच, वाद्यवृंद आहे.

निळा सूर
मान्य, माझं साल चुकलं. मेहली मेहतांनी (झुबिन मेहतांचे वडील) १९३५ ला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. तो असू शकतो.

धोबीतलाव
असू शकतो, पण छापू नका. १९३४ पासून वॉल्टर कौफमनही मुंबईत होते, आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर सांगतात ते. तेही चेंबर संगीत (मोजक्या वादकांचं पाश्चात्त्य संगीत) करत होते. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, ५ ते ८ मार्चच्या अंकांतल्या जाहिराती आणि परीक्षणं बघा.

ओवी
मग ताजचं काय? घरात सगळे खोटं सांगत होते का?

धोबीतलाव
खोटं कशाला? गावच्या पॅरिश शाळेत, म्हणजे चर्चच्या शाळेत, सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकलेला माणूस मुंबईत येऊन मिळेल ते वाद्य धरायचा. वाद्यवृंदात व्हायोलिन, रात्री हॉटेलात दुसरं काही. आजीलाच विचारा, दुसरं वाद्य होतं का?

पेटीमास्तर
सी. जे. हॉलच्या मैफलींवर वेगळा धागा काढतो.

ओवी
आत्ताच विचारलं. आजी म्हणाली, "दोन पेट्या होत्या. काळी घेऊन निघाले की दिवस असायचा. तपकिरीत सॅक्सोफोन. ती घेऊन गेले की आम्ही झोपल्यावर यायचे." ओळ ठरली: 'सर कावसजी जहांगीर हॉल, मुंबई, ७ मार्च १९३७'. एशियाटिकला सोमवारी जाते.