आयुष्मान वय वंदना कार्ड असताना आईवडिलांसाठी आणखी कोणता आरोग्य विमा घ्यावा?

मुलुंडकर:

नमस्कार. माझे वडील ७३ वर्षांचे आणि आई ६६ वर्षांची असून दोघेही माझ्यासोबत मुलुंड पूर्वेला राहतात. वडील खासगी कंपनीतून निवृत्त झाले आणि त्याबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही संपला. गेल्या वर्षी त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांना उपचार देणाऱ्या सरकारी योजनेचे कार्ड, काढले. त्यांना मधुमेह आहे आणि २०१९ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. आईला फक्त रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. आमच्या ओळखीचे विमा एजंट म्हणतात की सरकारचे ५ लाख आहेतच, तेव्हा ५ लाख डिडक्टिबल असलेली (म्हणजे पहिल्या ५ लाखांच्या वरचाच खर्च देणारी) सुपर टॉप-अप पॉलिसी दोघांची एकत्र घ्यावी, म्हणजे हप्ता बराच कमी बसेल. हिशेब वरवर पटतो. परंतु वडिलांचे हृदयरोगतज्ज्ञ ज्या रुग्णालयात बसतात, ते योजनेच्या यादीत नाही. अशा वेळी ही पॉलिसी खरोखर उपयोगी पडेल का?

गोरेगावच्या निवृत्त दावा अधिकारी:

आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. सरकारी संरक्षण आणि खासगी पॉलिसी एकावर एक रचता येतात, असे गृहीत धरून अनेक कुटुंबे निर्णय घेतात आणि प्रसंग आल्यावर अडचणीत सापडतात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वय वंदना कार्डाचे फायदे मोठे आहेत. ऑक्टोबर २०२४ अखेर सुरू झालेल्या या योजनेत ७० वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. मधुमेह आणि स्टेंट असलेल्या माणसाला बाजारातली कोणतीही पॉलिसी हे सहजासहजी देणार नाही. मात्र हे ५ लाख यादीतल्या रुग्णालयात, ठरलेल्या पॅकेजच्या दरानेच वापरता येतात. यादीबाहेरच्या रुग्णालयात कार्डाचा एक रुपयाही चालत नाही.

आता सुपर टॉप-अपकडे पाहू. समजा आपण वडिलांना त्यांच्या नेहमीच्या रुग्णालयात दाखल केले आणि बिल ६ लाख झाले. कार्ड तिथे चालत नाही, त्यामुळे डिडक्टिबलचे पहिले ५ लाख आपल्याच खिशातून जातील आणि कंपनी उरलेल्या १ लाखाचाच विचार करेल. याउलट यादीतल्या रुग्णालयात गेलात, तर पॅकेजमध्ये बसणाऱ्या उपचारासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत, म्हणजे सुपर टॉप-अपपर्यंत पोहोचण्याचा प्रसंग क्वचितच येईल. आपल्यासमोरची दरी रकमेची नसून रुग्णालयाची आहे. ती भरायची असेल तर शून्य डिडक्टिबलची मूळ पॉलिसी लागते, मग रक्कम ५ लाखांचीच का असेना.

पॉलिसी पाहताना आधी खोलीभाड्याची मर्यादा वाचावी. मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना आपण १०,००० रुपयांची खोली घेतली, तर कंपनी केवळ भाड्यातला फरक कापून थांबत नाही. शस्त्रक्रियेचे शुल्क, डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग हे सगळे त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येते. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कपात लागू होत नाही, तरीही मुंबईतल्या खोल्यांचे दर पाहता एवढ्या एका कलमामुळे दाव्यातली मोठी रक्कम जाते, हे मी नोकरीत वारंवार पाहिले आहे. त्यानंतर को-पेमेंट, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण भरायचा वाटा, किती टक्के आहे आणि मोतीबिंदू, गुडघा यांसारख्या शस्त्रक्रियांना वेगळी मर्यादा आहे का, ते पाहावे.

प्रस्ताव अर्जात अँजिओप्लास्टी, मधुमेह, चालू औषधे असे सर्व काही लिहावे. एजंट अर्ज भरून देत असेल तरी सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाचावे. आपण जाहीर केलेल्या जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च न मिळण्याची सुरुवातीची मुदत, आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण त्या आधीच्या काळात लपवलेली एक ओळसुद्धा फार महागात पडते.

अँटॉप हिलचे एक निवृत्तीवेतनधारक:

ताईंच्या म्हणण्याला थोडी पुरवणी जोडतो, कारण आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या निवृत्तांचे गणित वेगळे आहे. सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असणाऱ्याला ७० नंतर सीजीएचएस किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावे लागते. मी सीजीएचएसच ठेवले, कारण तिथे बाह्यरुग्ण तपासणी आणि दरमहाची औषधे मिळतात, तर आयुष्मानमध्ये रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय काही मिळत नाही. वृद्धापकाळात दाखल होण्याचा प्रसंग अधूनमधून येतो, गोळ्या मात्र रोज लागतात.

आमच्या बाबतीत सुपर टॉप-अपचा काही उपयोग होऊ शकतो. यादीबाहेरच्या रुग्णालयात तातडीने दाखल व्हावे लागले, तर सीजीएचएस आपल्या दराने परतावा देते आणि खरे बिल त्याहून बरेच जास्त असते. खासगी विमाही असेल, तर आधी विमा कंपनीकडे दावा करून उरलेल्या रकमेसाठी सीजीएचएसकडे अर्ज करता येतो. दोन्हीकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक मिळत नाही. मूळ बिले एकाच ठिकाणी जमा होतात, तेव्हा साक्षांकित प्रती आणि विमा कंपनीने किती रक्कम दिली याचे पत्र आठवणीने घ्यावे.

मुलुंडकर:

दोघांचे मनापासून आभार. सुपर टॉप-अपचा विचार सोडतो. आता प्रश्न असा की दोघांसाठी मूळ पॉलिसी घेतली तर हप्ता आवाक्याबाहेर जातो. एकालाच घेणे शक्य असेल तर कोणासाठी घ्यावी?

गोरेगावच्या निवृत्त दावा अधिकारी:

माझे स्पष्ट मत आहे की आधी आईसाठी घ्यावी, आणि तीही स्वतंत्र. दोघांची फ्लोटर, म्हणजे एकच विमा रक्कम दोघांत मिळून वापरायची पॉलिसी, घेतली तर हप्ता वडिलांच्या वयानुसार ठरतो आणि त्यांच्या आजारांमुळे आईचा प्रस्तावही अडकून पडू शकतो. आईचे वय वंदना कार्ड निघायला अजून चार वर्षे आहेत. रक्तदाब नियंत्रणात असताना पॉलिसी घेतलीत, तर प्रतीक्षा काळ तिच्या सत्तरीच्या आत संपेल. घरात बायकांचा विमा मागे ठेवण्याची जी सवय आहे, ती मला फार खटकते. इथे तर सरकारी कार्ड नसलेली व्यक्तीच आई आहे.

वडिलांसाठी विचारून अवश्य पाहावे, परंतु वाढीव हप्ता, को-पेमेंट आणि तीन वर्षांची प्रतीक्षा एवढे सगळे एकत्र आले, तर ती रक्कम दरवर्षी वेगळ्या ठेवीत टाकणे मी श्रेयस्कर मानेन. आपल्या किंवा भावंडांच्या नोकरीतल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांना घेता येते का, तेही विचारावे. तिथे जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, म्हणून एजंटाने दिलेले कोटेशन जुने असेल तर नवे मागवावे. जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठ पालकांच्या आरोग्य विम्यासाठी प्राप्तिकरात ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. विमा नसलेल्या वडिलांचा रोखीने न केलेला वैद्यकीय खर्चही त्याच मर्यादेत दाखवता येतो.

परळच्या समाजसेविका, रुग्णालय विभाग:

एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहिते. आईचे कार्ड नाही, तरी तिला काहीच संरक्षण नाही असे समजू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही लागू आहे आणि तिची मर्यादाही कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. तेव्हा शिधापत्रिकेवर आईचे नाव आधार कार्डावर आहे तसेच आहे ना, हे आताच तपासा. नावातल्या फरकामुळे रुग्ण खाटेवर आणि मुलगा शिधावाटप कार्यालयात, अशी धावपळ आमच्याकडे सतत दिसते.

वडिलांसाठी यादीतली जवळची दोन रुग्णालये आधीच निवडून ठेवा. रुग्णालय यादीत असले तरी ते हृदयविकारासाठी नोंदलेले असेलच असे नाही, कारण नोंदणी विभागवार असते. १४५५५ या क्रमांकावर चौकशी करता येते. परंतु शक्य असल्यास एकदा स्वतः जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा आणि अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी व बायपास यांपैकी काय काय योजनेत होते, ते विचारून घ्या. वडिलांचे २०१९ चे डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचे स्टिकर सोबत न्या. ते पाहून तिथले डॉक्टर नेमके उत्तर देऊ शकतील.