फ्री फायर खेळते म्हणून फॅनबॉय? मंग आधी या शब्दाचा अर्थ सांगा

घाटंजीचा गडी
काल एका भावानं लिहिलं का "फ्री फायरवाले सगळे फॅनबॉय, ज्याले गेम कळते तो बीजीएमआयच खेळते." दोन्ही मोबाईलवरचे मारामारीचे गेम, बीजीएमआय म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, अन् फॅनबॉय म्हणजे आंधळा भक्त. रातभर डोक्यात घुमून रायलं ते. लांब होईन, पण पुरं वाचा.

मी २०१९ पासून फ्री फायर खेळतो, कारण तवा घरात २ जीबी रॅमचा एकच फोन होता, तोही बाबाचा. पबजी टाकून पायलं होतं. लॉबीतच फोन तव्यासारखा तापे, प्लेनमधून उडी मारली का खाली घरंच दिसत नव्हते, नुसता हिरवा चिखल, अन् घरं उमटेपर्यंत मले कोणीतरी मारून टाके. फ्री फायरमध्ये ५० जण, १० मिनिटांत मॅच खतम, म्हणजे लाईन जायच्या आत एक तरी पुरी होते. आता सांगा, मी कंपनीचा भक्त झालो का? ज्याच्यासमोर दोन ताटं वाढले अन् तो एकात थुकला त्याले म्हणा फॅनबॉय. माह्यासमोर एकच ताट होतं, अन् ते मले आवडलं.

इकडं हा शब्द वापरते कोण तेही पाहा. बारावीनंतर अमरावती-नागपूरले रूम भेटली अन् हातात २५ हजाराचा फोन आला का गावातले पोट्टे एकदम फॅनबॉय दिसाले लागतात.

संत्रावाला, काटोल
तो लिहिणारा मीच आहो. फोनची गोष्ट मधात आणून सहानुभूती घेऊ नको भाऊ, माह्याही बापाचे संत्रे गारपिटीत जातात. स्वस्त फोनवर खेळणाऱ्याले मी फॅनबॉय नाही म्हणत. दोष दाखवला का ज्याले आईवरून शिवी देल्यासारखं वाटते, तो फॅनबॉय. २०१६ मध्ये नो मॅन्स स्काय नावाच्या गेमची निघायची तारीख जूनवरून ऑगस्टवर गेली, तर बनवणाऱ्याले जिवाच्या धमक्या आल्या, अन् ज्या पत्रकारानं बातमी देली त्यालेही आल्या. गेम कोणी खेळलाही नव्हता तवा.

आता तुले एकच विचारतो. फ्री फायरमध्ये गन स्किन, म्हणजे बंदुकीचा विकतचा साज, घेतली का बंदुकीचा डॅमेज म्हणजे मार, रेंज, फायर रेट बदलते का नाही? बीजीएमआयमध्ये स्किन म्हणजे नुसता रंग. हो का नाही, एवढंच सांग.

पिवळी कॅसेट, वाशीम
तुमी दोघंही नवे आहा राजेहो. हे भांडण कन्सोलवाल्यायचं, म्हणजे टीव्हीले जोडाच्या गेमच्या मशीनवाल्यायचं आहे. अमेरिकेत सेगा कंपनीनं १९८९ मध्ये जेनेसिस नावाचा कन्सोल काढला अन् जाहिरातीतच समोरच्या निन्टेंडो कंपनीचं नाव घेऊन टोमणे मारले, म्हणजे पोट्ट्यायले भांडाले कंपनीनंच शिकवलं. अन् २००१ मध्ये सेगानं कन्सोल बनवणंच सोडलं, त्याच वर्षी सेगाचा लाडका हिरो सॉनिक निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवर आला. ज्याच्यासाठी शाळेत मारामाऱ्या केल्या तो शेजारच्याच घरी राहाले गेला! आताही तेच, फोर्झा होरायझन ५ हा गाड्यायच्या शर्यतीचा गेम एक्सबॉक्स कन्सोलवाल्यायचा अभिमान होता, एप्रिल २०२५ मध्ये समोरच्या पीएस५ कन्सोलवर आला. कंपनी पैसा पाहते, भांडत आपण बसतो.

तूर अन् कापूस, दारव्हा
स्किनची गोष्ट निघाली म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. गेमचं नाव घेत नाही. माह्या लहान भावानं, नववीत होता, बाबाच्या खात्यातून ११ हजार ४०० रुपये गेमात टाकले. कापसाचा चुकारा आला होता, त्यातून मजुरायचे अन् कृषी केंद्राच्या उधारीचे द्यायचे होते. बाबाले यूपीआय येत नाही, पिन त्या पोट्ट्यालेच माहीत, कारण घरचे सगळे पैसे तोच पाठवे. एका खेपेले दीडशे, दोनशे, कधी चारशे. मेसेज यायचे अन् तो पुसून टाके. उधारी द्याले गेलो अन् खात्यात भलतेच कमी पैसे निघाले, तवा समजलं. बाबानं मारलं नाही. दोन दिवस जेवले नाही फक्त. तुमी शब्दाचा अर्थ काढत बसा, मले तर फॅन म्हटलं का ते ताटच आठवते.

संत्रावाला, काटोल
वाईट वाटलं दादा. पण हे फॅनबॉयपण नाही, घरच्यायचं लक्ष नाही म्हणून झालं. नववीतल्या पोराच्या हातात पिन देते का कोणी?

तूर अन् कापूस, दारव्हा
लक्ष नाही? तोंड सांभाळून बोल बे. बाप सकाळी पाचले वावरात, शेतीची लाईन रात्री येते म्हणून रात्री पुन्हा ओलिताले, त्यानं मेसेज कधी वाचायचे? इंग्रजीत येतात ते मेसेज. अन् पिन नाही देली तर खताचे पैसे कोण पाठवते, तू येतं का काटोलवरून?

मीनाताई, आर्वी
त्यांच्या घरावर नका जाऊ. मी शिकवणी घेते, माझ्याकडच्या तीन पोरांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच झालंय. पालकांना मी एकच सांगते, मोठी रक्कम असलेलं खातं फोनला जोडूच नका, दुसरं छोटं खातं काढा, त्यात हजार-पाचशेच ठेवा. आणि मूळ मुद्द्यावर माझंही एक गाऱ्हाणं आहे. मी स्वतः बीजीएमआय खेळते. माईक सुरू केला की पहिला प्रश्न येतो, "कोणासोबत खेळते?" म्हणजे पोराने जीव लावला तर तो फॅनबॉय, आणि मला गेम आवडूच शकत नाही, कोणीतरी शिकवला असणार. शिवी म्हणून का होईना, तुम्हाला गेमवेडं तरी समजतात.

संत्रावाला, काटोल
ताई, हे मी कधी धरलंच नव्हतं. तूरवाले दादा, घराबद्दल बोललो ते चुकलं, माफ करा. माह्याही बाबाचा पिन माह्याकडंच आहे. पण घाटंजीवाल्यानं अजून उत्तर देलं नाही.

घाटंजीचा गडी
देतो ना. हो, गन स्किननं डॅमेज बदलते. ज्याच्याजवळ पैसा त्याची बंदूक भारी, हे मले पयल्या दिवसापासून खटकते, तरी खेळतो. झालं समाधान? आता तू सांग, तुह्या बीजीएमआयमध्ये यूसी, म्हणजे खरे पैसे देऊन घेतलेले गेमातले पैसे, टाकून क्रेट म्हणजे बंद पेट्या उघडतात, आत काय निघते ते नशिबावर. जत्रेतल्या सोरटात अन् त्याच्यात फरक काय? रंगच आहे म्हणतं, मंग रंगासाठी पोट्टे हजारो काऊन टाकतात?

अन् १४ फेब्रुवारी २०२२ ले फ्री फायरवर बंदी आली तवा तुमी लोकायनं स्टेटस टाकून टाकून आमचं दहावं घातलं. जुलैमध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गेलं, मंग आमी तुमचं घातलं. तवा कोणीच कोणाचा दोष पाहत नव्हतं, नुसतं समोरच्याचं रडणं पाहाचं होतं. मीही होतो त्यात.

संत्रावाला, काटोल
क्रेट म्हणजे सोरटच आहे, मान्य. मी स्वतः तीनदा उघडले, तिन्ही वेळा फालतू निघालं, अन् हे पयल्यांदाच कोणाले सांगून रायलो. "सगळे फॅनबॉय" मधला सगळे हा शब्द वापस घेतो. फॅनबॉय नाही घेत, ते आहेत, तुह्याकडंही अन् माह्याकडंही. गेम मात्र बीजीएमआयच चांगला.

तूर अन् कापूस, दारव्हा
मीनाताई, ते छोट्या खात्याचं सांगा जरा. बाबाले बँकेत स्वतः जाणं लागते का, अन् जुनं खातं फोनमधून काढलं तर पीएम किसानचे पैसे त्यात येतच राहतीन ना?

मीनाताई, आर्वी
येत राहतील दादा. फोनमधून काढलं म्हणून खातं बंद होत नाही. नवीन खात्यासाठी बाबांना आधार, पॅन घेऊन एकदा बँकेत न्या. आणि पिन आता बाबांनाच टाकायला शिकवा, चार-सहा आकडे आहेत, येतं त्यांना.