संध्याकाळी साडेसात ते अकरा: घरी एकट्यानं, कमी खर्चात काय करावं?

मिरजवाला

चार महिने झाले, मी वेगळा राहतोय. बायको आणि दहा वर्षांची मुलगी कोल्हापुरात, बायकोच्या माहेरी. आता भांडण असं राहिलेलं नाही, कोर्टाचं काय ते वकील बघतायत. त्यावर सल्ला नको. प्रश्न फक्त संध्याकाळचा आहे.

मी हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. साडेसातला शटर ओढलं की मोकळा. पगार २४,०००. त्यातले ९,००० मुलीसाठी जातात, ५,५०० खोलीभाडं, २,८०० गाडीचा हप्ता. उरलेल्यात जेवण, पेट्रोल, दर रविवारी कोल्हापूरला जाणं-येणं. मन रमवायला म्हणून महिन्याला दोन-तीनशे रुपये निघाले तर निघाले.

खोली तंतुवाद्यांच्या दुकानांच्या मागे आहे. दिवसभर कुणी ना कुणी तंबोऱ्याची जवारी लावत असतं. आठ वाजले की तेही थांबतं आणि मग गल्ली एकदम गप्प होते. आधी दार उघडलं की आतून पहिलं वाक्य यायचं, "बाबा, चपला बाहेर!" आता मी ट्यूब लागेपर्यंत उंबऱ्यातच उभा राहतो.

मित्र म्हणतात बाहेर पड. बाहेर पडलं की खिशाला हात. दोनदा त्यांच्याबरोबर 'बसलो'ही, पण गाडी कुठल्या रस्त्याला लागतेय ते कळलं आणि थांबलो. घरी मोबाइल घेऊन बसतो तर रात्रीचा एक वाजतो, आणि काय पाहिलं ते सकाळी आठवत नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी प्रत्यक्ष काय केलं ते सांगा. छंद जोपासा, सकारात्मक राहा, हे नको.

माळरान

दादा, मी सोलापूरकडचा. २०१९ मध्ये माझं असंच झालं. मी भाकरी शिकलो.

पहिले पंधरा-वीस दिवस एकही गोल झाली नाही, उचलताना तुटायची. मला वाटायचं हातात काही नाही. मग शेजारच्या मावशींनी डबा उघडून पिठाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "अरे, विरी गेलीय ह्याची, चिकटपणाच नाही. दोन महिन्यांचं पीठ, तुटणारच." तेव्हापासून ज्वारी दोन किलोच्या वर दळून आणत नाही. पीठ ताजं, पाणी चांगलं कढत, आणि तळहाताच्या टाचेनं मळ मळ मळायचं. लोण्यासारखं मऊ झालं की थापायला घ्यायचं. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची नाही आणि पार कोरडं होऊ द्यायचं नाही. त्यात एक क्षण असतो, तो बोटांनाच कळतो. मग दुसरी बाजू भाजून थेट जाळावर. पहिल्यांदा टम्म फुगली तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते आणि मी एकटाच "आली!" म्हणून ओरडलो.

मळणं, थापणं, शेकणं, भांडी धरून दीड तास जातो. दोन्ही हात पिठात असल्यावर मोबाइल धरता येत नाही. खर्च म्हणाल तर जेवायला लागतंच. एकट्यासाठी वरण एकदाच लावा: पहिल्या दिवशी साधं वरण-भात, दुसऱ्या दिवशी त्याचीच चिंच-गुळाची आमटी, उरलंसुरलं तिसऱ्या दिवशी थालीपिठात. उन्हाळ्यात मात्र फ्रिज नसेल तर दुसऱ्या दिवशीच संपवा.

गोदाकाठ

मी नाशिकची, पतसंस्थेत कारकून. २०१७ च्या दिवाळीनंतर एका खोलीत राहायला आले. तुमचं उंबऱ्यातलं वाचलं आणि लिहायला बसले, थोडं लांबेल.

पहिल्या महिन्यात मी चूक केली. रंग, ब्रश, कॅनव्हास असं १,४०० रुपयांचं सामान घेऊन आले. मनाला बरं वाटेल म्हणून. दोन संध्याकाळी बसले आणि तिसऱ्या दिवशी ते खाटेखाली गेलं, कारण ते माझं नव्हतंच. पुस्तकांनी थोडं धरलं. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथून पुस्तक आणायचे. पण त्या काळात चार पानांनंतर डोळे ओळीवरून फिरायचे आणि मन दुसरीकडे. वाचताना मन पळतं. हातानं काही केलं तर कमी पळतं, हे मला तेव्हा कळलं.

माहेरून येताना आईनं एक पत्र्याची ट्रंक दिली होती, गोधड्यांसाठी. तळाशी फडक्यात गुंडाळलेले आजोबांचे कागद निघाले, सगळे मोडी लिपीत, म्हणजे पूर्वी मराठी लिहायचे त्या जुन्या अक्षरांत. आमच्या घरात तीन पिढ्यांत ते कुणाला वाचता येत नव्हते. मी म्हटलं, शिकू.

लागलं काय? चाळीस रुपयांची एकरेघी वही, साठ रुपयांचं तिरप्या निबाचं पेन, आणि इंटरनेटवर फुकट मिळणारे बाराखडीचे तक्ते. मोडीत लिहिताना आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क कापून घेतलेल्या माझ्यासारखीला त्याचं केवढं सुख! रोज एक पान. आठला बसायचं, साडेनऊला वही मिटायची. त्यातही एक सवय लावून घेतली ती सांगते. ओळ कधी पूर्ण करायची नाही, मध्येच सोडायची. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून निघताना ती अर्धी ओळ डोक्यात असायची. घरी जायला काहीतरी कारण झालं. तेवढंच मला पाहिजे होतं.

लिहिता यायला दोन महिने लागले. जुनं वाचता यायला आठ. दोन्हींत फार फरक आहे, कारण प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण निराळं आणि घाईत लिहिलेली काही अक्षरं अगदी एकमेकांसारखी. मी एक युक्ती केली. जे शब्द कागदात असणारच ते आधी शोधायचे: मौजे, तालुके, बिन (म्हणजे अमक्याचा मुलगा), पूर्वेस, पश्चिमेस. ते सापडले की त्यातली अक्षरं ओळखीची होतात आणि त्यांच्या आधारानं पुढचं सुटतं. शब्दकोड्यासारखंच. एका 'तांबडा' या शब्दानं मला चार संध्याकाळी दमवलं. मी तो 'तांदळा' वाचत होते आणि मग पुढचं काहीच लागेना.

आणि पहिला पूर्ण वाचलेला कागद कसला होता माहितेय? मला वाटत होतं जमिनीचं काही असेल. ती बैलाच्या खरेदीची पावती होती. बैल एक, रंग तांबडा, डावं शिंग मोडकं, दात पुरे. मी तो कागद कितीदा वाचला असेल. शंभरएक वर्षांपूर्वी कुणीतरी त्या बैलासमोर उभं राहून, नीट बघून हे लिहून घेतलं होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली. का ते नका विचारू.

मिरज म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, तुमच्याकडे घराघरांत मोडी कागद असतील. पुण्यात पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात तर ढिगानं आहेत, पण तिथे जायची गरज नाही. कुणाच्या तरी माळ्यावर विचारा.

ठाणेकर बंडू

माझं काम फार छोटं आहे, रेडिओ. विविध भारती. मोबाइलवर आकाशवाणीचं फुकट ॲप आहे, पण मी जुना सेलवरचा सेट दुरुस्त करून घेतला, म्हणजे पडदाच नाही. सातच्या बातम्यांनंतर फौजी भाइयोंसाठी जयमाला, आठला हवामहल, दहाला छायागीत. संध्याकाळचे तुकडे पडतात आणि घरात माणसाचा आवाज राहतो. हवामहल लागेपर्यंत कुकर झाला पाहिजे असा माझा नेम आहे. ट्यूबच्या आधी रेडिओ लावत जा. मी तेच करतो.

निशिगंध

सगळ्यांचं पटलं, तरी एक सांगते. रोजची संध्याकाळ भरलीच पाहिजे असं मानून घेऊ नका. मी पहिलं वर्षभर इतकी कामं लावून घेतली, ब्लाउज शिवणं, शिकवण्या, पापड, की रडायला सवड ठेवली नाही. ते नंतर निघालं, भर लग्नघरात. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवा. काही नाही केलं तरी चालेल. गच्चीत चटई टाका. थंडीत साडेआठ-नऊला पूर्वेला मृग वर आलेला असतो, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, खाली व्याध. माझ्या वडिलांनी दाखवला होता, तो अजून तिथेच आहे, याचं मला त्या वर्षी फार बरं वाटायचं.

आणि एखादी रात्र अगदीच असह्य झाली, नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ लावा. टेली मानसचा नंबर, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री दीडला लावला होता. पलीकडच्या बाईंनी मला घाई केली नाही. दारूचा विषय तुम्ही स्वतःच लिहिलात, म्हणून मुद्दाम सांगितलं. तिथे थांबलात ते फार मोठं केलंत, दादा.

मिरजवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंधताई, नंबर भिंतीवर लिहून ठेवलाय. माळरान, भाकरी आज चौथा दिवस, तुटतेच आहे. पीठ बदलतो.

गोदाकाठताई, तुमचं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मालकांना सहज विचारलं. आमच्या दुकानाच्या माळ्यावर, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या पेटीमागे, त्यांच्या आजोबांच्या चोपड्या आहेत! रोजकीर्द आणि खतावण्या, म्हणजे रोजच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या. वाळवी एका कोपऱ्याला लागलीय, बाकी ठणठणीत. त्यातली एक चोपडी त्यांनी मला घरी नेऊ दिली. अक्षर एकही कळत नाही, पण आकडे आपल्यासारखेच आहेत, तेवढे वाचता येतात. फक्त रुपयाच्या पुढे उभ्या-आडव्या रेघा आहेत, त्या काय?

गोदाकाठ

आणे! उभी एक रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यांच्यापुढची बारीक आडवी रेघ म्हणजे एकेक आणा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. तुम्ही हिशेबाचे, तुम्हाला माझे आठ महिने लागणार नाहीत. आकडे आधी घ्या, मग त्यांच्या डावीकडचा शब्द मालाचाच असणार, नाहीतर गिऱ्हाइकाचं नाव. खिळे, कड्या, बिजागरी, पत्रा असं डोक्यात ठेवून शोधा. आणि चोपडी ओल्या हातानं धरू नका, भाकरी आधी उरका.

मिरजवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय.

एका पानाची बेरीज केली. सत्तावीस रकमा, रुपये-आणे-पै. पहिल्यांदा माझी तीन आण्यांनी चुकली, दोनदा परत केली. चूक माझीच होती, एक आडवी रेघ सुटली होती. त्यांची बेरीज बरोबर. सव्वादहा वाजले होते, छायागीत चालू होतं, आणि मला बंडूभाऊंना फोन करून सांगावंसं वाटलं, पण नंबर कुठे आहे.

शब्द अकरा लागलेत. खिळे सगळ्यात आधी लागला, कारण तो जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. भाकरी आता तीनातली एक फुगते.

रविवारी चोपडीच्या पानाचा फोटो कोल्हापूरला नेला होता. मुलीनं बराच वेळ बघितला, म्हणाली मुंग्या चालल्यात. मग मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर आधी रेघ ओढली आणि तिला तिचं नाव लटकवून दाखवलं. तिनं ते चार वेळा गिरवलं, आईला दाखवून आली, "वाच बघू." आईला येईना. आता दर रविवारी पाच अक्षरं शिकवायची असं ठरलंय. या आठवड्याची क, ख, ग, घ, च आहेत. घ माझाच अजून नीट येत नाही, तो शनिवारपर्यंत बसवायचाय.