उकळून पीफास जात नाही

'पाणी उकळून प्यायलं की पीफासची काळजी नको' असा एक समज आहे, पण होतं नेमकं उलट. पीफास (PFAS) म्हणजे कार्बन-फ्लोरीनच्या बंधांनी बनलेली, सहजी न मोडणारी मानवनिर्मित रसायनं. हा बंध उकळण्याला दाद देत नाही. वाफ उडून जाते, रसायन भांड्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. फिल्टरमधला सक्रिय कोळसा कार्बनच्या लांब साखळीची संयुगं बऱ्यापैकी धरतो, आखूड साखळीची मात्र लवकर निसटतात. आरओ दोन्ही अडवतं, पण ती मग त्याच्या टाकाऊ पाण्यातून बाहेर जातात!

नियमांचं म्हणाल तर अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास संयुगांना पिण्याच्या पाण्यात लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. युरोपीय संघाच्या २०२० च्या निर्देशात निवडक २० संयुगांची बेरीज लिटरमागे १०० नॅनोग्रॅमच्या आत हवी. आकडा सैल असला तरी मला बेरजेची पद्धत बरी वाटते, कारण एकावर बंदी आली की त्याचाच चुलतभाऊ वापरात येतो.

तपासणीतली खरी मेख नमुना घेण्यात आहे. इतक्या सूक्ष्म पातळीवर टेफ्लॉनची टेप किंवा वॉटरप्रूफ जॅकेट यांतलं पीफाससुद्धा नमुन्यात मिसळून घोळ घालू शकतं. म्हणून पीफास नसलेलं पाणी त्याच जागी दुसऱ्या बाटलीत ओतून तेही प्रयोगशाळेत पाठवतात; त्यात पीफास निघालं तर ते बाहेरून मिसळलंय हे कळतं. अहवालात त्या बाटलीचा आकडा आहे का, ते आधी बघा.