वापरलेल्या गाडीसोबत एकच चावी मिळाली आहे. ती हरवणे, चोरी आणि बिघाड यांपासून कशी जपावी?

नवागत यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. अलीकडेच वापरलेली गाडी विकत घेतली. चावी खिशात असली की दार उघडते आणि बटण दाबले की इंजिन सुरू होते, अशा प्रकारची ही गाडी आहे. विक्रेत्याने एकच चावी हाती दिली. दुसरी घरात कुठेतरी आहे, सापडली की देतो, असे तो सांगतो आणि ती काही सापडत नाही. आता ही एकुलती एक चावी हरवली, चोरीला गेली किंवा भिजली तर काय, ही धास्ती आहे. घरी ती कुठे ठेवावी, तिच्यावर आवरण घालावे का, आणि बाजारात मिळणाऱ्या सिग्नल अडवणाऱ्या पाकिटांचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

यंत्रवेडा यांचे उत्तर:

पाकीट आणि आवरण हे नंतरचे प्रश्न आहेत. आधी दुसरी चावी करून घ्या, आणि तीही हातातली चावी चालू आहे तोवरच. चावीतील चिप आपला संकेत गाडीच्या इमोबिलायझरला, म्हणजे परक्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, देते आणि तो ओळखीचा नसेल तर इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे नवी चावी म्हणजे नुसते पाते (चावीतली धातूची पट्टी) कापून घेणे नव्हे, तर तिची नोंद गाडीच्या स्मृतीत करणे. एक चालू चावी हाती असताना हे काम बहुधा सरळ होते. सगळ्याच चाव्या गेल्या तर काही गाड्यांत चाव्या ओळखणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकच बदलावा लागतो, आणि गाडी उचलून न्यावी लागते ती वेगळीच.

आता तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट. ती दुसरी चावी खरोखर हरवली आहे, की कोणाकडे तरी आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. नवी चावी करताना गाडीच्या स्मृतीतील जुन्या सर्व नोंदी पुसून फक्त तुमच्या हातातल्या चाव्यांची नोंद करायला सांगा आणि शेवटी किती चाव्या नोंदलेल्या आहेत, तो आकडा नोंदणी करणाऱ्याच्या यंत्राच्या पडद्यावर स्वतः पाहा. एवढे केल्यावर विक्रेत्याची चावी सापडली तरी तिने इंजिन सुरू होणार नाही. दाराच्या कुलपात मात्र तिचे पाते फिरेल, म्हणून गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नका.

रात्रपाळी यांचे उत्तर:

यंत्रवेडा यांच्याशी सहमत आहे. चोरीपुरते माझ्याकडून थोडे.

तुमच्या प्रकारच्या गाडीत चावी न चोरताही गाडी चोरता येते. दाराची मूठ धरली की गाडी कमी वारंवारतेची, साधारण १२५ किलोहर्ट्‌झची, हाक देते. ती जेमतेम मीटर-दोन मीटर पोहोचते आणि चावी त्याहून उच्च वारंवारतेवर उत्तर देते. एक चोर गाडीपाशी आणि दुसरा घराच्या भिंतीबाहेर उपकरण घेऊन उभा राहिला, की ती हाक आत ठेवलेल्या चावीपर्यंत पोहोचवता येते आणि चावी इमानदारीने उत्तर देते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हे करून दाखवले होते. संकेत फोडावा लागत नाही, तो जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. म्हणून संकेत कितीही अवघड असला तरी याला आळा बसत नाही. नव्या काही गाड्या लहरींना लागणाऱ्या वेळेवरून चावीचे अंतर मोजतात, तर काही चाव्या हालचाल थांबली की झोपी जातात. तुमच्या गाडीत यांपैकी काही आहे का, ते माहितीपुस्तिकेत पाहा.

नसेल तर सिग्नल अडवणारे पाकीट उपयोगी आहे, मात्र त्याची परीक्षा घ्या. चावी पाकिटात घालून गाडीला खेटून उभे राहा आणि मूठ ओढा. दार उघडले तर पाकीट निरुपयोगी समजा. दुसरी चावी तयार झाल्यावर ही परीक्षा घेताना ती दूर ठेवा, नाहीतर फसगत होईल. आतले धातूचे अस्तर घडीपाशी झिजते, त्यामुळे ही तपासणी अधूनमधून करत राहावी. चावी मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याचा सल्ला कुठेकुठे दिला जातो. कोणीतरी नकळत तो चालू केला की चावी संपली. दाराशेजारच्या खुंटीवर चावी टांगू नये, हेही ओघाने आलेच.

नवागत:

मनःपूर्वक आभार. नोंदी पुसण्याचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. चावीला ब्लूटूथचा शोधक लावण्याचा विचार आहे. तो पाकिटात चालेल का? आणि चावी पाण्यात पडलीच, तर नेमके काय करावे?

सोल्डरिंग यांचे उत्तर:

शोधकाचाही सिग्नल पाकीट अडवणारच, तेव्हा शोधक पाकिटाच्या बाहेरच्या कडीला अडकवावा. चावीवर गाडीचा क्रमांक किंवा घराचा पत्ता मात्र मुळीच लिहू नये.

भिजलेल्या चावीचे बटण चालते का, हे दाबून पाहण्याचा मोह आवरा. आधी सेल काढा, कारण ओलाव्यात वीज वाहत राहिली की सर्किटवरील तांब्याला गंज चढतो. बिघाडाचे कारण बहुतेक वेळा पाण्यापेक्षा हा हिरवट गंजच असतो. समुद्राचे पाणी किंवा साबण लागला असेल तर सर्किट ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने अलगद धुऊन हवेशीर जागी पूर्ण सुकू द्या. केस वाळवण्याचे गरम यंत्र किंवा कडक ऊन नको, आणि तांदळाचा डबाही नको, कारण त्याची पूड आत शिरते. सिलिकॉनचे आवरण आपटण्यापासून वाचवते, पाण्यापासून नाही.

सेल बदलताना जुन्या सेलवर छापलेला क्रमांकच घ्या. बऱ्याच चाव्यांत ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, म्हणून अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

सेल वाटेत संपला तरी घाबरू नका. चावीत लपवलेल्या पात्याने दार उघडते आणि चावी सुरू करण्याच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली की इंजिन सुरू होते, कारण चिपला लागणारी ऊर्जा गाडीच देते. दाराचे कुलूप काही गाड्यांत मुठीच्या झाकणाखाली दडलेले असते. ते कसे निघते, हे दिवसाउजेडी एकदा करून पाहा.

यंत्रवेडा:

एक राहिले. विमा असेल तर करारपत्र वाचा. चोरीच्या दाव्यात कंपन्या गाडीच्या सर्व चाव्या मागू शकतात, तेव्हा विक्रेत्याकडून दुसरी चावी मिळालेली नाही, हे त्याच्याकडून लेखी घेऊन ठेवा.