फ्रेंच दुभाषी म्हणून कोर्टात काम करायचं तर काय शिकू? (बडोदा)

नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते. सयाजीराव विद्यापीठातून फ्रेंच केलं, मग डेल्फ बी-टू ही फ्रेंचची परीक्षा दिली. सध्या घरीच शिकवण्या घेते.

मागच्या महिन्यात बाबांच्या ओळखीच्या वकीलकाकांचा फोन आला. अपघाताची केस, साक्षीदार काँगोचा विद्यार्थी, गुजराती येत नाही नि इंग्रजी तोडकंमोडकं. अर्ध्या तासाचं काम म्हणून गेले. आधी मलाच शपथ दिली, तिथेच निम्मं अवसान गळालं. मग वेग विचारला. मुलगा म्हणाला, 'सेप्तांत'. मी ऐकलं 'स्वासांत', आणि 'साठ' सांगून मोकळी. तेवढ्यात त्याने बोटांनी सात आणि शून्य करून दाखवलं. आम्ही शिकलो त्या फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'स्वासांत-दिस', साठ नि दहा. त्याचा काँगो म्हणजे बेल्जियमची जुनी वसाहत, तिथे बेल्जियमची पद्धत, सरळ 'सेप्तांत'. मी दुरुस्त केलं, तर समोरचे वकील उसळले, "साक्षीदार बदलतोय की दुभाषी?"

दुसरी गोम म्हणजे कोर्ट गुजरातीत. भाजीवाल्याशी गुजराती फर्डी बोलते हो, पण 'पूरझडपे अने गफलतभरी रीते' (भरधाव आणि निष्काळजीपणे) हे उभ्या उभ्या फ्रेंचमध्ये कसं न्यायचं?

तरी काम आवडलं. ब्रिटनमध्ये दुभाष्यांची डीपीएसआय परीक्षा आहे, तिच्यात कायद्याचा वेगळा पर्याय असतो. आपल्याकडे असं काही आहे का? आणि न कळलेलं साक्षीदाराला परत विचारलं तर चालतं का?

प्रतिसाद :

ताई, मी फौजदारी वकील, बडोद्याचा नाही. आपल्याकडे परदेशी भाषांच्या कोर्ट दुभाष्यांसाठी अशी परवाना परीक्षा नाही. न्यायाधीशांना पटलं की काम मिळतं. विद्यापीठाच्या भाषा विभागाला किंवा वकिलातीला विचारून माणूस शोधतात, तेव्हा विभागात नाव देऊन ठेवा.

शपथ १९६९ च्या शपथ अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे. खरा अनुवाद सांगण्याचं बंधन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३१७ मध्ये आहे. जाणूनबुजून चुकीचं सांगितलं तर ती खोटी साक्ष, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ऐकण्यातली चूक त्यात बसत नाही, झोप उडवून घेऊ नका.

परत विचारता येतं, पण परस्पर नाही. आधी न्यायाधीशांना सांगायचं, "साहेब, शब्द कळला नाही, विचारू का?" दोघं आपसात बोलू लागलात की समोरचा वकील उठणारच. आकडे, तारखा, नावं ऐकता ऐकता कागदावर टिपा.

परीक्षेपेक्षा महिनाभर कोर्टात मागच्या बाकावर बसा, सुनावण्या खुल्या असतात. काकांकडून जुन्या गुजराती साक्षींच्या नकला मागून त्या मोठ्याने फ्रेंचमध्ये सांगा. तुमचं अडलंय ते गुजरातीत, फ्रेंचमध्ये नाही.

एक विचारतो. त्याच संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे, नोंदलेली साक्ष साक्षीदाराला त्याच्या भाषेत समजावून द्यायची असते. ती त्याला फ्रेंचमध्ये तुम्हीच सांगितलीत ना? सत्तर लिहिलंय की साठ, ते तिथेच कळतं.

धागाकर्तीचं उत्तर :

नाही हो. "झालं तुमचं काम" म्हणाले, म्हणून मी खाली चहाला गेले. वर आले तोवर त्याची सही होऊन गेली होती. काकांना आत्ताच फोन लावते.