जिताड्याचा फोटो पांढराफटक येतो, काय चुकतंय?

कुंडलिकाकाठी
नमस्कार मंडळी. मी आणि बाबा रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाशी गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला बसतो. मी शाळेत होतो तेव्हापासून. गेल्या रविवारी भरती संपून पाणी सुकायला लागलं आणि बाबांच्या गरीला जिताडा मासा लागला, आमिष म्हणून लावलेल्या जिवंत बोयटावर. काट्यावर 6 किलो 200 ग्रॅम भरला. इतक्या वर्षांतला त्यांचा सगळ्यात मोठा. बाबा 68 वर्षांचे आहेत, गुडघ्यांनी आता कुरकुर सुरू केली आहे, कातळावरून उतरताना माझा हात धरतात. त्या दिवशी मात्र मासा पाण्याच्या कडेला येईपर्यंत त्यांनी रॉडला मला हात लावू दिला नाही.

मी फोनवर 14 फोटो काढले, एकही धड नाही. मासा कागदासारखा पांढरा, खवलं दिसत नाही. बाबांचा चेहरा टोपीच्या सावलीत काळाकुट्ट. एका फोटोत मासा पुढे धरायला सांगितला, तर त्यांची बोटंच केळ्यांएवढी दिसतात. सकाळचे साडेनऊ, कडक ऊन, मागे काळा कातळ. फोन साधाच आहे, कॅमेरा घेणं जमणार नाही. असा मासा परत कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून आत्ताच शिकून ठेवायचं आहे.

मालवणची गरी
आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे ह्याला चोणक म्हणतात, आणि 6 किलोचा चोणक गरीवर काढणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

तुमच्या अडचणीचं मूळ तो काळा कातळच आहे. फोन सगळ्या चौकटीचा उजेड बघून अंदाज बांधतो. चौकटीत बराचसा काळा दगड असला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो सगळंच उजळ करतो. दगड राखाडी होतो आणि मुळातच आरशासारखा चमकणारा मासा जळून पांढरा होतो. एकदा जळलेलं खवलं नंतर कुठल्याही ॲपने परत येत नाही. म्हणून पडद्यावर माशाच्या कुशीवर, सगळ्यात चमकतं तिथे बोट टेकवा आणि दाबून धरा, म्हणजे उजेड तिथे बांधला जातो. मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते खवल्यांच्या कडा दिसेपर्यंत खाली ओढा. फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल. काळपट फोटो घरी उजळता येतो.

दुसरं, टोपी. काढायला सांगा, नाहीतर मागे सरकवा. ऊन तुमच्या पाठीमागून नको आणि बाबांच्या पाठीमागूनही नको, तिरकं एका बाजूने पडू दे. साडेनऊचं ऊन कडक असेल तर बाबांना आडोशाला, होडीच्या किंवा सुरूच्या सावलीत उभं करा. सावलीतल्या चंदेरी माशाचं खवलं आणि खवलं वेगळं उठून दिसतं. मी आता उन्हात फोटो काढतच नाही.

मासा पुढे धरण्याबद्दल माझं मत ठाम आहे: धरू नये. फोनची साधी भिंग रुंद पाहणारी असते, जवळचं फुगवते आणि लांबचं आक्रसते. बोटं केळ्यांएवढी झाली ती त्यामुळेच. बाबांना कोपर अंगाजवळ ठेवू दे, तुम्ही चार पावलं मागे जा आणि दोन पट झूमवर काढा. 6 किलोचा मासा 6 किलोचाच दिसायला हवा. ज्याने तो काढला त्याला तेवढा पुरेसा असतो.

आणि हात सांभाळा. चोणकाच्या गालफडाची कड वस्तऱ्यासारखी असते, माझ्या तर्जनीवर अजून व्रण आहे. खालच्या जबड्यात अंगठा, दुसरा तळवा पोटाखाली. मासा आडवा राहतो, डोळा आणि पर पूर्ण दिसतात.

टोपली
माझं माहेर कोळीवाड्यातलं, आई 30 वर्षं बाजारात मासे विकायला बसली. फोटोतलं मला फार कळत नाही, माशातलं कळतं.

फोटो काढायचा तो लगेच. मासा मेला की रंग उतरायला लागतो. बांगडा बघा, जाळ्यातून निघाला की पाठीवर हिरवा-निळा रंग आणि काळ्या रेघा कशा तकतकतात, आणि टोपलीत दुपार झाली की तोच मासा शिशासारखा निस्तेज होतो. डोळा आधी जातो, पुढे आलेला आणि काचेसारखा असतो तो बसतो, धुरकट होतो. बर्फात घालून घरी नेल्यावर काढलेल्या फोटोत हे सगळं दिसतं, आणि बाजारात बसलेल्या बाईला तर पहिल्या नजरेत दिसतं.

काढायच्या आधी खाडीच्याच पाण्याचे दोन तांबे त्याच्यावर ओता. चिखल, रक्त, वाळू निघून जाईल. फडक्याने पुसू मात्र नका, वरची बुळबुळ गेली की चकाकीही जाते. हो, आणि तुमच्या फोनची भिंगही बघा. माशाचे हात लागून तिच्यावर साय धरते आणि फोटो धुक्यातला येतो. कोरडा सुती रुमाल वेगळ्या पिशवीत ठेवा, मासे पुसायच्या फडक्यापासून लांब.

नदीवाला
मी पुण्याचा, गोड्या पाण्यात गरवतो आणि मासे परत सोडतो, म्हणून माझं गणित जरा वेगळं आहे. मासा पाण्याबाहेर असतो तितका वेळ तो श्वास कोंडून असतो. म्हणून मी मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखतो. मला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात जातो, फोटो मिळो न मिळो. त्याआधी फोन बाहेर, उजेड बांधलेला, उभं कुठे राहायचं ते ठरलेलं. मासा तोवर जाळीत, पाण्यातच. कोरड्या हाताने धरायचा नाही, तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही. फोटोऐवजी मी बहुतेक वेळा व्हिडिओ चालू ठेवतो आणि मासा पाण्यातून वर येतानाची एक चौकट नंतर निवडतो. पाणी निथळत असतं, पर उघडे असतात, ते थांबून काढलेल्या फोटोत कधीच मिळत नाही.

तुमच्या बाबांनी काय करावं हे मी सांगणार नाही. एवढंच माहीत असू द्या की जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. 6 किलोचा म्हणजे बहुधा अंड्यांची मादी.

मासा न पकडता सराव करायचा असेल तर महाडजवळ वाळणकोंडीला जा. डोहातले मासे देवाचे, कुणी धरत नाही. पाण्यावरची चकाकी कशी मारते आणि दोन पावलं बाजूला सरकलं की खालचा मासा कसा अचानक दिसतो, हे मी तिथे शिकलो.

कुंडलिकाकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. टोपलीताई, भिंगेचं खरं निघालं, माझ्या भिंगेवर चक्क खवलं चिकटलेलं होतं. नदीवाले, मादीचं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पावसाच्या तोंडावर मोठा लागला तर सोडू.

काल परत गेलो होतो. जिताडा नाही, तांबोशी लागली, 900 ग्रॅमची. होडीच्या सावलीत उभं राहून, टोपी काढून, माशाच्या कुशीवर बोट दाबून चार फोटो काढले. दोन पाणी ओतल्या-ओतल्या. तांब्याच्या भांड्यासारखा तो रंग जसाच्या तसा आला आहे, पाठीवरचा काटा न् काटा दिसतो. बाबांनी चष्मा लावून फोटो मोठा केला, शेपटीपासून डोक्यापर्यंत सावकाश बघत आले आणि विचारलं, "हे कल्ल्याजवळचं एक खवलं गेलंय, ते तू गरी काढताना गेलं की आधीच नव्हतं?"